पावणं, उठा आता

मगदूम मिस्त्री मला 'सायेब' म्हणतात, ट्रॅक्टर चालवणाऱ्या हारानला 'लेका' म्हणतात आणि गंजून बसलेल्या बोल्टाला 'पावणं' म्हणतात. तिघांत सगळ्यात जास्त मान बोल्टाला.

"काय पावणं, किती दिस झालं येऊन? दोन म्हैनं? मग आता उठायचं न्हवं? का हात धरून उठवू?"

हे बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोलकात्याजवळच्या बजबजच्या तेल डेपोत रुजू होऊन मला तीनच दिवस झाले होते. शेडमध्ये ट्रॅक्टर उभा, त्याच्यामागे गवत कापायचं मशीन वर उचललेलं, खाली लाकडाचे ठोकळे लावलेले आणि मशीनखालून दोन पाय बाहेर आलेले. मी नाशिकचा. तीन दिवस कानावर फक्त बंगाली आणि बंगाली वळणाची हिंदी पडत होती, आणि इथे मशीनखालून अस्सल इचलकरंजी येत होती. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उकिडवा बसलो आणि ओरडलो, "अहो, तुम्ही मराठी?"

पाय हलले नाहीत. खालून आवाज आला, "व्हय. जरा पाना धरा."

मी पाना धरला. दीड तास धरला. नवा कोरा शर्ट तेलात गेला. हा माणूस पुढची तीन वर्षं माझ्या डोक्यावर मिरे वाटणार आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आता माझं कामही सांगून टाकतो, म्हणजे माझा संताप समजेल. मी शिकलो मेकॅनिकल इंजिनिअरिंग. कंपनीने बदली करून मला कोलकात्याला पाठवलं आणि डेपोच्या सुरक्षेची जबाबदारी दिली. ऐकायला भारदस्त वाटतं. आईने नाशिकभर पेढे वाटले. प्रत्यक्षात त्या सुरक्षेतला अर्धा भाग म्हणजे गवत. तेलाच्या टाक्यांभोवती एवढं मोठं मैदान आहे, हुगळी शेजारून वाहते, आणि तिथलं गवत रात्री झोपत नाही असा माझा पक्का समज आहे. ते वाढून वाळलं की एका ठिणगीत सगळा खेळ खलास. म्हणून ते सतत कापायचं. मशीनला खाली तीन पाती. मैदानातल्या विटांच्या तुकड्यांवर आपटून ती बोथट होतात, मग ती काढून नवी बसवायची. एकेक पातं एकेका जाडजूड बोल्टावर. हिशेब सोपा आहे: तीन बोल्ट काढा, तीन पाती बदला, तीन बोल्ट लावा.

या सोप्या कामाला मगदूम मिस्त्रींना दोन दिवस लागत.

नदीची दमट हवा, ओलं गवत, चिखल. बोल्ट जाम होतो हे मला मान्य आहे. जगात सगळीकडे जाम होतो. मग लोक काय करतात? गॅसची ज्योत दाखवून तापवतात. पण आमच्या डेपोत ज्योत पेटवणं म्हणजे सरळ घरी जाणं. मग लोहाराचा घण घालावा, तर ठिणगी उडेल म्हणून तोही बंद. हातोडी पितळेचीच वापरायची. थोडक्यात, सगळे नियम मगदूमांच्या बाजूने. मी स्वतःच ते नियम भिंतीवर लावले होते. मी काही बोललो की ते शांतपणे त्या बोर्डाकडे बोट दाखवत.

त्यांची पद्धत अशी. आधी ट्रॅक्टरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात. खिशाला वर सेफ्टी पिन. हे चांगलंच आहे, मी नावं ठेवत नाही. मग तारेच्या ब्रशने बोल्टाचं तोंड धुणं. मग खोबरेल तेलाच्या जुन्या बाटलीत त्यांनी स्वतः कालवलेलं एक मिश्रण असे, अर्धं रॉकेल आणि अर्धं काय ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्याचे सात थेंब. आठ नाही, सहा नाही. मग पितळी हातोडीने चहूबाजूंनी टिकटिक. आणि मग ते मशीनखालून बाहेर येत, हात पुसत, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसत आणि तो शब्द उच्चारत, जो ऐकून माझं पित्त खवळे.

"मुरू द्या."

"अहो मगदूम, किती वेळ मुरू द्या?"

"त्येल प्यायलंय न्हवं, आता मुरायला नगं? गडबड करून काय हुतंय. घरी आज काय केलं हुतं वैनींनी?"

"बोल्टाचं लोणचं घालताय का तुम्ही?"

"हॅ हॅ. लोनचं! बरं बोलला. पर भाकरी केलती का?"

मी चिडायचो. साध्यासुध्या चिडण्याबद्दल मी बोलत नाही. आम्ही बालीगंजला राहायचो, तिथल्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो याच काळात. मी शेडमध्ये येरझाऱ्या घालत ओरडायचो, "कहर आहे! तुमच्यापुढे हात टेकले मी! माणूस आहात का कोण आहात!" आणि मगदूम डब्यावर बसून, मान किंचित तिरकी करून, ऐकत राहायचे. वाईट वाटल्याची एक रेघ चेहऱ्यावर नाही. उलट माझं संपलं की दाद द्यायचे.

"ह्ये 'कहर हाय' चांगलं हुतं. पर सायेब, तुमच्या नाशकाकडच्या शिव्या जरा अळणीच. आमच्याकडं अशा टायमाला 'टोणगा' म्हणत्यात."

"मी वडीलधाऱ्या माणसाला टोणगा म्हणणार नाही."

"न्हाई, माजा आग्रह न्हाई. पर शोभून दिसतं."

आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं? आणि न रागवावं, तर गवत कोण कापणार?

दुसऱ्या वर्षी मी हट्टाला पेटलो. बोल्ट काढायचं एक बॅटरीवरचं यंत्र असतं, घोड्यावर बोट ठेवलं की घर्रकन बोल्ट बाहेर. ते वापरायचं तर मशीन गेटाबाहेर न्यायचं, परवाना घ्यायचा, एवढी सगळी व्यवस्था मी केली. चार सह्या गोळा केल्या. यंत्र आलं. मगदूमांनी ते दोन्ही हातांत घेतलं, वजन बघितलं, टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं.

"का हो?"

"त्येला बोलता येत न्हाई," ते म्हणाले आणि पुन्हा मशीनखाली गेले.

मी कपाळावर हात मारला. त्या क्षणी शेडमध्ये हारान होता, तो हसला नाही. हारान मुळात हसतच नाही. शांत, सडपातळ माणूस, ट्रॅक्टर चालवतो, मगदूमांना 'दादा' म्हणतो आणि मराठीचा एक शब्द कळत नसताना आमच्या प्रत्येक भांडणाला हजर असतो.

एका रविवारी मी मगदूमांना बालीगंजच्या फ्लॅटवर बोलावलं. आमच्या स्वयंपाकघराचा नळ गळत होता. नळ दुरुस्त व्हायला किती वेळ लागतो? मगदूम सकाळी दहाला आले आणि संध्याकाळी पाचला गेले. मध्ये तीन ज्वारीच्या भाकऱ्या, पिठलं आणि लाल मिरचीचा खर्डा झाला. ज्वारीचं पीठ आम्ही नाशिकहून मागवतो, जपून वापरतो. वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळा डबा त्या दिवशी उपडा केला. पहिला घास मगदूमांनी डोळे मिटून चावला.

मग गप्पा. इचलकरंजीत मागाचे फिटर होते, लग्न झाल्या झाल्या इकडच्या एका तागाच्या गिरणीत आले. गिरणी बंद पडली तशी डेपोतल्या ठेकेदाराकडे लागले. बायको चार वर्षांपूर्वी गेली. मुलगा हावड्याला असतो, सून तिकडचीच.

"नातू लई ग्वाड हाय," ते म्हणाले. "पर मराठीत 'हिकडं ये' म्हटलं की आईच्या तोंडाकडं बगतंय."

वैशालीला वाईट वाटलं. मला नळाची काळजी होती. तेवढ्यात तिच्यामाझ्यात वाजलं. विषय नेहमीचा, की आईला इकडे आणायचं की आपण तिकडे जायचं, आणि जायचं तर कधी. परक्या माणसापुढे भांडू नये एवढं आम्हाला कळतं, पण ते भांडण आलं की कळत असूनही थांबता येत नाही. जरा वेळाने माझं लक्ष गेलं. मगदूमांनी पाना खाली ठेवला होता, ओट्याला टेकून उभे होते आणि आमच्याकडे, गावात तमाशाचा फड आल्यासारखे, टक लावून बघत होते.

मी ओशाळलो. "सॉरी हं मगदूम."

"न्हाई न्हाई, भांडा की," ते घाईने म्हणाले. "माजं चाललंय."

त्यांचं काहीही चाललेलं नव्हतं. नळ आजही गळत असेल.

तर असा हा माणूस. आता तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरची गोष्ट सांगतो, कारण तेव्हा माझ्या संतापाने हद्द गाठली.

दुर्गापूजा नुकतीच झाली होती. पावसाने जाता जाता मैदानाचं रान करून ठेवलं होतं, गवत मांडीला लागत होतं. मंगळवारी मुख्य कार्यालयाची तपासणी होती. एरवी तपासणीचं मी एवढं मनावर घेत नाही. या वेळी वेगळं होतं. श्रावणात आई नाशिकला बाथरूममध्ये पडली. एक्क्याऐंशी वर्षांची, घरात एकटी. शेजारच्या बाईंना दुपारी आवाज आला म्हणून बरं. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती भिंत धरून चालते आणि फोनवर "मी मस्त आहे" असं दोनदा म्हणते. एकदा म्हणायची तेव्हा ती खरंच मस्त असायची. मी मनमाडच्या डेपोत बदली मागितली होती. मोठ्या साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "तपासणी स्वच्छ गेली तर फाइल पुढे सरकवतो. गवताचा शेरा आला, तर एक वर्ष विसरा."

एक वर्ष. आईच्या वयाला एक वर्ष म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको होतं.

शनिवारी सकाळी पाती काढायला घेतली. पहिला बोल्ट दुपारी सुटला. दुसरा संध्याकाळी. मधला राहिला. "मुरू द्या, सोमवारी बगू." रविवारी ठेकेदाराची माणसं येत नाहीत. सोमवारी सकाळी मी पहिल्या लोकलने बजबजला पोचलो, पळतच शेडमध्ये गेलो, तर मगदूम डब्यावर, बोल्ट जागेवर आणि सात थेंब नुकतेच टाकलेले.

मग मी जो सुटलो! तीन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. "तुम्हाला लाज आहे का? काम आहे का करमणूक? तुमचा तो पावणा आणि तुमचं ते तेल घेऊन जा एकदाचं इचलकरंजीला! तुमच्यासारखा चिवट, आडमुठा, कोडगा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही!"

मगदूमांचा चेहरा उजळला. "कोडगा!" ते कौतुकाने म्हणाले. "आमची आई म्हणायची. आज रंगात आलाय, सायेब."

माझं डोकंच फिरलं. मी त्यांच्या हातातला पाना हिसकावला, त्याच्या दांड्यात हातभर लांबीचा लोखंडी पाईप अडकवला, ठोकळा लावून पातं अडवलं आणि स्वतः मशीनखाली शिरलो. इंजिनिअर आहे मी. जोर कसा लावायचा हे मला शिकवायचं कारण नाही.

"सायेब, नगं. तसं न्हाई त्ये—"

"एक शब्द बोलू नका!"

ते बोलले नाहीत. मी सगळा भार टाकून पाईप ओढला. पाना थोडा सरकला. सुटतोय म्हणून दुप्पट जोर लावला, तर तो जागीच रुतून बसला, पाईप निसटला आणि माझ्या उजव्या हाताची बोटं पत्र्यावर सोलवटून निघाली.

बाहेर आलो. मगदूमांनी गळ्यातलं फडकं माझ्या हाताला बांधलं.

"मधलं पावणं डावरं हाय," ते हळूच म्हणाले. "मधलं पातं उलटं फिरतंय, म्हून त्येचे आटेबी उलटे. तुम्ही कसला त्येला."

"म्हणजे मी तो आणखी घट्ट केला?"

"व्हय. बराच."

"तीन वर्षांत एकदाही सांगितलं नाहीत?"

"तुम्ही इचारलंच न्हाई."

यावर ओरडायला हवं होतं. ओरडायची ताकदच उरली नव्हती. मी त्यांच्या डब्यावर बसलो. आणि नेमका तेव्हाच आईचा फोन आला.

"जेवलास का?" ती म्हणाली. सकाळचे साडेआठ वाजले होते. "मी मस्त आहे. मस्त आहे मी. बदलीचं झालं का रे काही? नाही झालं तरी चालेल. उगाच वरच्यांच्या मागे लागू नकोस."

"होईल गं," म्हणालो आणि फोन ठेवला.

मी बांधलेल्या हाताकडे बघत होतो. मग काय झालं कोण जाणे, मी मगदूमांना सगळं सांगितलं. आवाज न चढवता. आईचं पडणं, मनमाडची फाइल, उद्याची तपासणी. तीन वर्षांत मी त्यांच्याशी एवढ्या खालच्या पट्टीत कधी बोललो नव्हतो.

त्यांनी सगळं ऐकलं. पण मान तिरकी केली नव्हती.

"म्हंजी गवात कापलं की तुम्ही जाणार," ते म्हणाले.

"कापलं तर."

"आई एकल्याच असत्यात?"

"हो."

त्यांनी पाना उचलला, त्याच्यातून माझा पाईप काढून बाजूला ठेवला. थोडा वेळ पाना हातातच धरून उभे राहिले. मग खाली शिरले. मी वाट बघत होतो, आता 'पावणं' सुरू होईल. काही नाही. एक शब्द नाही. पितळी हातोडीचे चार-पाच ठोके ऐकू आले. पाय जमिनीत रोवले गेलेले दिसले. एक लांब, संथ ओढ, दुसऱ्या बाजूला. आणि खट्ट.

"सुटला," ते म्हणाले.

घड्याळात बघितलं. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. मी आनंदाने त्यांचे दोन्ही खांदे धरून हलवले, "वा मगदूम! नशीब आज आपल्या बाजूने आहे!" ते नवी पाती फडक्याने पुसत होते. वर बघितलं नाही त्यांनी. मलाही ते बघायला वेळ नव्हता, खरं सांगायचं तर.

हारानने अंधार पडेपर्यंत गवत कापलं. तपासणी स्वच्छ गेली. महिन्याभरात ऑर्डर आली.

निघायच्या आठवड्यात नव्या साहेबांना सगळं दाखवत मी मैदानात फिरत होतो. म्हटलं, पाती बदलायची तर दोन दिवस धरून चाला, बोल्ट फार बसतात. हारान शेजारी उभा होता. तो आपल्या हिंदीत म्हणाला, "नहीं सर, दो दिन क्यों? चालीस मिनट।"

"काय?"

"आप छुट्टी पे जाते थे ना, दादा चालीस मिनट में तीनों ब्लेड चेंज कर देता था।" मग माझा चेहरा बघून घाबरला बिचारा. "आपके टाइम पे दो दिन लगता था। हम सोचा, आपका ही ऑर्डर है, सेफ्टी के वास्ते।"

चाळीस मिनिटं!

मी नव्या साहेबांना तिथेच सोडलं आणि तरातरा शेडकडे निघालो. तीन वर्षं! माझा रक्तदाब, माझे शर्ट, माझी बोटं! आज या माणसाला सोडायचं नाही असं ठरवूनच चाललो होतो. मैदान मोठं आहे, शेडपर्यंत पोचायला वेळ लागतो. अर्ध्या वाटेत मला तो ओट्याला टेकून उभा राहिलेला माणूस आठवला, आमचं भांडण ऐकणारा. आणखी थोडं चालल्यावर 'अळणी' आठवलं. मग 'त्येला बोलता येत न्हाई' आठवलं. शेडच्या दाराशी पोचलो तेव्हा माझे पाय हळू पडत होते.

मगदूम आत मशीनखाली होते. दोन पाय बाहेर. पहिल्या दिवशी दिसले होते तसेच. आत कसलाच आवाज नव्हता, ना हातोडीचा, ना बोलण्याचा.

तसाच उभा राहिलो असतो तर रडलोच असतो, आणि ते त्यांनाही आवडलं नसतं, मलाही. म्हणून मी घसा खाकरला.

"बाहेर या आधी!" मी ओरडलो. "चाळीस मिनिटं? चाळीस मिनिटांचं काम तुम्ही दोन-दोन दिवस करत होतात? मला मूर्ख समजता? सरकलात का तुम्ही? अहो, टोणगे आहात तुम्ही, टोणगे!"

पाय हलले. मगदूम बाहेर आले, हात पुसले, डब्यावर बसले. मान तिरकी केली. मी बोलत राहिलो. नाशिकची बोलणी येत होती ती संपली, मग वडिलांची आठवली, मग शाळेतल्या मास्तरांची. अर्धा तास मी त्या माणसाला मराठीत झोडपत होतो. मध्येच त्यांनी गळ्यातल्या फडक्याने डोळे पुसले. तेलकट फडकं होतं, डोळ्यांभोवती काळं झालं.

"टोणगे," माझं संपल्यावर ते म्हणाले. "टोणगा न्हाई, टोणगे. मान देऊन म्हणाला. लई झ्याक." मग जरा थांबून म्हणाले, "आईंना नमस्कार सांगा."

आता मी मनमाडला आहे. नाशिकहून येऊन-जाऊन करतो. आई आता "मी मस्त आहे" एकदाच म्हणते. इथेही गवत आहे, इथेही बोल्ट बसतात, इथला मेकॅनिक बॅटरीच्या यंत्राने दहा मिनिटांत काढतो आणि निघून जातो. मला त्याचं नावही नीट माहीत नाही.

दर पंधरा दिवसांनी मी मगदूमांना फोन करतो. परवा केला. फोन उचलल्या उचलल्या पलीकडून मशीनची घरघर ऐकू आली. ट्रॅक्टर मैदानात होता, तिन्ही पाती जोरात फिरत होती; तो आवाज मला झोपेतसुद्धा ओळखता येईल.

"काय मगदूम, पाती बदलली का?" मी विचारलं.

"न्हाई वं सायेब," ते मोठ्याने म्हणाले, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून. "मधलं पावणं अडकून बसलंय. उठंनाच झालंय. मुरू द्यायला लागंल."

"अहो, कहर आहे! तुमच्यापुढे हात टेकले मी!" मी म्हटलं, आणि दार लोटून घेऊन खुर्चीत नीट बसलो.